वरची चादर

तिमाहीचा निकाल यायच्या आठ दिवस आधी
कंपनी पुन्हा काहीतरी जाहीर करते.
गेल्या वेळी चष्मा होता, बोलणारा.
त्याआधी घड्याळ, सुईशिवाय साखर मोजणारं.
आज एक डबी. झाकण उघडून दाखवलं नाही.

अक्कलकोट रोडला, बंद शेडच्या पायरीवर
नरसय्या येमूल मोबाइल लांब धरून बघतात.
तीनशे वीस शेअर. दोन माग भंगारात घालून घेतलेले.
"ते घड्याळ कुणाच्या मनगटावर बघितलास का बे?"
चहावाला पोरगा म्हणतो, लवकरच येणार, काका.
पडद्यावर टाळ्या. भाव चार टक्के वर.

अंगठा तर्जनीवर घासत राहतात ते,
सुताचा पोत बघावा तसा.
काच. नुसती गरम काच.

ब्याण्णव साली हैदराबादच्या व्यापाऱ्याला
त्यांनीच एक गाठ पाठवली होती,
वर सहा चादरी दुहेरी सुताच्या,
खाली सगळा विरळ माल.
त्यानं वरचीच चाचपली, हसला, पैसे मोजले.
पुढल्या वर्षी आला नाही.

ऊन पायरीवरून गुडघ्यापर्यंत चढतं.
पोरगा कप न्यायला येतो.
मोबाइल त्याच्यापुढं धरून ते विचारतात,
"गाठ सोडून बघायचं बटण
कुठंय बे यात?"