बारावा महिना

करारपत्रातलं वर्ष अकरा महिन्यांचं असतं.
अशी नऊ वर्षं मोजली मी सांगलीत,
पुलाच्या अलीकडं, पलीकडं,
एकदा तर गॅरेजच्या वर,
रात्री हॉर्न पायात वाजायचा.

भाऊ कुठं पडला त्यावरून मला घरं आठवतात.
पहिल्यात मोरीत.
तिसऱ्यात मालकिणीच्या तुळशीपुढं.
ती फिट म्हणाली नाही, "ते" म्हणाली,
"तुमचं वाईट वाटतं हो,
पण आमची सून पोटुशी आहे."

भांडी पोत्यातच असायची.
भिंतीला खिळा कधी मारला नाही.
आईचा फोटो ट्रंकेत, पालथा.
मी वखारीत हळद निवडते, हात कायम पिवळे;
एका मालकानं भिंतीवरची बोटं मोजून
डिपॉझिट कापलं.

आता कुपवाड रस्त्याला संस्थेची इमारत.
दुसरा मजला, सात नंबर.
लिफ्टच्या खड्ड्याला कुलूप, आत सायकली.
एक कोपरा पावसाळाभर घामेजतो.
मुमताजबीच्या चादरी
शिरगुप्पे वहिनींच्या शेवयांवर ठिबकतात,
त्यावरनं रोज भांडण.
कधी कधी मीही असते त्यात.

मोटर लावली की बाबासो जिन्यातनं ओरडतो,
"एक, पाणी! दोन, पाणी!"
आतनं ओ द्यायची.
ओ आली नाही की दार वाजतं.
पाच नंबरचे आण्णा असेच सापडले जानेवारीत,
मोरीजवळ, जिवंत,
लाजलेले.

गेल्या मंगळवारी भूपाल जिन्यात कोसळला.
मी वखारीत.
कुणी कांदा आणला नाही, चप्पल हुंगवली नाही.
मुमताजबीनं त्याला कुशीवर वळवलं,
डोक्याखाली तीच चादर, ओली.
वहिनींनी घड्याळ धरलं.
"दोन मिनिटं दहा सेकंद,"
संध्याकाळी मला म्हणाल्या,
दुधाचा हिशोब सांगावा तशा.
आणि लगेच, "पण शेवया वाया गेल्या त्या गेल्याच."

आज एक तारीख.
अकरा झाले.
पोतं मी रात्रीच बांधलेलं, सवयीनं.
कुणी आलं नाही.
बाराव्या महिन्यात काय करतात
मला ठाऊक नव्हतं.
शेवटी खालनं हातोडा मागून आणला.

खिळा भूपालनं मारला, वाकडा.
फोटोतली आई जरा कलून बघते,
ऐकू कमी यायचं तिला, तशीच.
खाली माझी चार बोटं उमटली, पिवळी.
फडकं घ्यायला वळले
तोवर जिन्यातनं हाक,
"सात!"

माझ्या आधी भूपाल ओरडला,
"आहोत की!"