टोकन नंबर सत्तावीस

दारातच पोरानं पिशवी काढून घेतली
आणि हातात प्लॅस्टिकचा बिल्ला दिला : सत्तावीस.
"पिशवी आत न्यायची नसते काका."
एकतीस वर्षं मी लोकांच्या पिशव्या भरल्या,
कुणाची रिकामी पिशवी अशी ओलीस ठेवली नाही.
असो.

उदगीरला, देगलूर रोडला, जिथं सरकीचं गोदाम होतं
तिथं आता काचेचं दार आपोआप उघडतं
आणि मे महिन्यात अंगावर काटा येतो गारव्यानं.

ट्रॉलीचं एक चाक अडतंय.
ती मला साबणाकडं ओढते, मी तिला डाळीकडं.
सगळी तूर पाकिटात.
दाणा दाताखाली धरून बघायची सोय नाही.
पाकिटावरून नुसता अंगठा फिरवला.
अंगठ्याच्या बेचक्यात अजून दोऱ्याची खूण आहे,
जिरं, चहापत्ती, पावशेर शेंगदाणे,
छताच्या रिळातून दोरा सर्रकन खाली,
दोन वेढे, एक झटका, झाली पुडी.
ही पाकिटं फोडायला दात लागतात
आणि माझे आता राहिले नाहीत.

कारळाच्या चटणीची एक बरणी उलटी होती, सरळ केली.
मग शेजारची.
मग अख्खी ओळ, लेबलं पुढं करून.
निळ्या टी-शर्टातलं पोरगं लांबून बघायलंय
की हे म्हातारं काय चोरायलंय.

तेवढ्यात फिनेलच्या कप्प्यामागून समिंदराबाई.
मला बघितलं, थबकली,
आणि बाटलीवरचं वाचायला लागली.
तिला वाचता येत नाही हे मला ठाऊक,
माझ्या वहीत तिचा अंगठाच आहे :
तीनशे चाळीस रुपये.
गोडेतेल, गूळ, पोरीच्या बारशाचं खोबरं.
ती पोरगी आता लातूरला नर्सिंगला आहे म्हणतात.
दुकान बंद केलं तेव्हा कुणी आणून दिले, कुणी नाही.
मी मागायला गेलो नाही,
त्या दारात उभं राहून काय बोलायचं, ते जमलं नसतं.
आताही मीच तोंड फिरवलं,
बिस्किटांपुढं दोन मिनिटं उगाच उभा राहिलो.

काउंटरवर सामान ठेवताना सवयीनं निघून गेलं,
"लाभ... दोन... तीन..."
अर्शिया नावाची पोरगी, गळ्यात ओळखपत्र, थांबली.
"लाभ कोणती ऑफर आहे काका? सिस्टिमला दाखवत नाही."
कसं सांगावं,
मोंढ्यात पहिल्या मापाला एक म्हणत नसत कुणी.
पहिलं माप देवाचं, घेणाराचं, का देणाराचं,
मलाही कुणी सांगितलं नव्हतं.
"जुनी आहे," म्हणलं, "संपली."

बिल चारशे एकाहत्तर.
खिशात चारशे साठ, मोबाईल घरी चार्जिंगला.
"साबण काढू का काका?"
मागं रांग. कुणाचं तरी लेकरू चॉकलेटसाठी रडायलंय.
त्या मशीनला सगळी बटणं होती, उधारीचं नव्हतं.

मागून एक हात आला, हिरव्या बांगड्यांचा,
दहाची नोट आणि वर एक रुपया.
"घे माय, अकरा."
मग माझ्याकडं न बघता,
"आता तीनशे एकोणतीसच ऱ्हायले बघा, आप्पा."
आणि हसली.
पुढचे दात तिचेही गेलेत.

घरी येऊन माळ्यावरचा तराजू काढला, तूर घातली.
बरोब्बर किलो.
दोन्ही पारडी अशी शहाण्यासारखी उभी.
मी किलोवर एक मूठ टाकायचो, ती कधी मोजली नाही,
वहीतही नाही.
पारडं खाली गेलं की गिऱ्हाईक पिशवी पुढं करायचं.

"अहो," आतून बायको, "पिशवी कुठाय आपली?"
खिशात हात घातला.
सत्तावीस.