जास्तीची चावी

कन्नमवार नगर, इमारत एकशे तेरा, तळमजला.
माझ्या दारामागे सात खिळे,
सात खिळ्यांवर सात घरांच्या चाव्या.
पहिली आली फातर्पेकरांची, गॅसवाला येणार म्हणून.
मग रीतच पडली.
चावी द्यायला माणूस येतो,
उंबऱ्यावर जरा रेंगाळतो,
पाणी मागतो.
पाणी पिऊन झालं की म्हणतो,
"तुमच्यापाशीच ठेवा हं हे."
मला वाटायचं, चावीबद्दल बोलतोय.

टेलिफोनमध्ये तेहेतीस वर्षं काढली मी.
ट्रंक कॉल जोडायचा, दोन्हीकडून हॅलो आलं
की आपण लायनीतून बाजूला व्हायचं,
अशी तिथली शिस्त.
कानात पडलेलं हेडफोनसोबत टेबलावर ठेवून
सहा बावीसची बस गाठायची.
इथे ड्यूटी संपल्याचं कोण सांगणार?

फातर्पेकरांच्या धाकटीचं लग्न का मोडलं,
मला माहीत आहे.
डिमेलोच्या आईच्या बांगड्या कुठे आहेत
ते त्याच्या भावाला माहीत नाही, मला आहे.
वरच्या साळसकर आजोबांनी मृत्युपत्र बदललं,
आणि त्यांचा मुलगा दर रविवारी मला
सुक्या जवळ्याची चटणी आणून देतो.
रिकामी बरणी परत देताना
हात जड होतो माझा.

मग तावडे.
नोकरी जाऊन आठ महिने झालेले.
रोज सव्वाआठला डबा घेऊन निघायचा,
टागोर नगरच्या वाचनालयात पेपर उलटत बसायचा,
सातला घामेजून परत.
"काकू, हर्षदाला कळता कामा नये.
ती खचेल."
दोन महिने मी हर्षदाकडे धड बघितलं नाही.
चार काड्या कोथिंबीर मागायला आली तरी
अख्खी जुडी देऊन दार लावून घ्यायची.

गौरी-गणपती आटोपले, आणि एका दुपारी ती आली.
हातात चावी नव्हती. पाणीही मागितलं नाही.
"काकू, मला सगळं ठाऊक आहे.
हल्ली डब्यात एक पोळी जास्त घालते,
नुसतं बसूनही भूक लागते माणसाला.
पण मला कळलंय हे त्यांना सांगू नका.
ते खचतील."

एवढं बोलून ती वर गेली,
जिना चढताना चक्क गुणगुणत होती.
मी उतू गेलेल्या दुधापाशी उभी.
एका घरातली एकच गोष्ट
दोन्ही बाजूंनी माझ्याकडे टेकवलेली.
मधल्या भिंतीला कोणी विचारतं का,
बाई गं, पाठ दुखते का तुझी?
कितीदा वाटलं, जोडून द्यावं.
एक वायर इकडची, एक तिकडची,
बोला.
पण बोर्ड आता माझा नव्हता.

मार्चमध्ये इमारत रिकामी करायला लागली.
रीडेव्हलपमेंट. भाड्याचे चेक, टेम्पो, सुतळ्या,
गादीत गुंडाळलेले देव.
चाव्या ताटात घालून घरोघर परत करत हिंडले.
पडणाऱ्या घराची चावी कोणाला हवी?
तरी घेतल्या सगळ्यांनी.
बाकीचं परत न्यायला कोणी आलं नाही.

तावडे दोघंही टेम्पोपाशी होते.
चावी पुढे केली तर दोघांचे हात एकदम आले,
एकदम मागे गेले.
चावी खाली, खडीत.
शब्द अगदी ओठांवर होता माझ्या,
टेम्पोवाल्याने हॉर्न दिला.

आता भांडुप, भाड्याची खोली, तिसरा मजला.
परवा शेजारीण आली. हातात चावी,
चावीला प्लास्टिकचा हिरवा पोपट.
"तुम्ही घरीच असता ना? जरा पाणी मिळेल?"
पाणी दिलं. चावी ठेवून घेतली.
खिळा ठोकता ठोकता म्हटलं,
"एक सांगून ठेवते बाई,
टेलिफोनमध्ये कान गेले माझे.
काही ऐकू येत नाही."

"बरंच झालं," ती म्हणाली,
आणि स्टूल ओढून बसली.