वलांडीवरची बदकं

सानपाडा, सेक्टर दहा, दुकान नंबर अकरा.
वर योगा क्लास, खाली मी.
आधी लग्नाचे अल्बम करायचो,
आता जाहिराती, कॅमेरा न उचलता.

चांगुणा नाखवा दिवाळ्याहून आली, रिक्षा थांबवून ठेवून.
वीस सेकंदांत माझे बोंबील दाखव, म्हणाली,
सुकताना दाखव.
श्रावण चाललेला, वलांड्या मोकळ्या, दोऱ्या गुंडाळून माळ्यावर.
शूटिंग कशाचं करणार?
करू की, म्हटलं. यंत्र आहे.

यंत्रं तीन निघाली.
एक डॉलरात पैसे घेतं, आणि महिना भरला की
रात्री दोन वाजता बँकेचा मेसेज येतो.
एक फुकट, पण चित्राच्या कोपऱ्यात आपलं नाव कोरतं,
आहेराच्या भांड्यावर कोरावं तसं.
तिसऱ्याच्या दारात रांग:
तुमच्या पुढे चार हजार एकशे सहा जण.
मी वहीत रकाने आखले,
हात, पाणी, चेहरा, किंमत,
प्रत्येकी दहापैकी गुण.

महागड्यात मराठीतच लिहिलं: बोंबील.
एक माणूस आला, गच्चीवर उभा,
तोंड उघडून नुसता बोंबलत होता.
वीस सेकंद.
(चेहरा: नऊ.)

मग इंग्रजी नाव घातलं त्याच यंत्रात,
साहेबानं ठेवलेलं, बॉम्बे डक,
आणि दोरीवर बदकं लटकली.
ओळीनं, पाय वर, मान खाली,
पिवळ्या चोची उन्हात चकाकतायत,
त्यातलं एक जिवंत,
मधूनच माझ्याकडे बघतंय.

फुकटवाल्याला नीट समजावलं,
लहान मुलाला सांगावं तसं:
मऊ मासा, बिनखवल्यांचा,
दोन-दोनाची जोडी,
जबड्यात जबडा अडकवून दोरीवर टाकलेली.
उत्तर आलं, हे आमच्या धोरणात बसत नाही,
यात हिंसा आहे.

संध्याकाळी रांगेत नंबर लागला.
काय देखणं दिलं त्यानं!
निळा समुद्र, नऊवारीतली बाई,
चांदीचे गुबगुबीत मासे शेपटीला बांधलेले,
वारासुद्धा पदराला बरोबर लागत होता.
खारफुटी नाही, खाडीचा चिखल नाही,
पलीकडे पूल नाही, पण एकूण बेरीज चौतीस.
वहीत त्याच्यापुढे मी बरोबरची खूण केली.

दुसऱ्या दिवशी चांगुणा खुर्चीच्या टोकावर बसली.
"ह्यो कनचा मासा? रावस नाय, घोल नाय.
गिऱ्हाइकानं इचारलं तर काय सांगू?"
मग बोट बाईवर:
"ही कोनाची सून?"
कोणाची नाही, मावशी. अशी बाईच नाही.
"मंग हिला बाजारात जागा कोनी दिली?
आमी तिगी बहिनी एका पाटीवर बसतो."

मी घाईघाईनं ती खिडकी बंद केली
आणि मागची उघडी राहिली, बदकांची.

ती हसली.
अशी हसली की वरच्या मजल्यावर
शवासनात पडलेलं कुणीतरी खोकलं.
पुन्हा लाव म्हणाली. पुन्हा लावलं.
जिवंत बदकानं बघितलं तेव्हा
तिनं डोळे पुसले.
"हीच दे."
मावशी, ही बदकं आहेत.
"मना दिसतं रं.
पन मानूस थांबाया नको का?
थांबला का पुढं मी हाय."

रकाने आखताना हे सुचलं नव्हतं.
महागड्याचे महिन्याचे पैसे भरले,
बदकांखाली तिचा नंबर टाकला, जाड टायपात.

तिनं अर्धे पैसे रोख दिले,
अर्ध्यांचे गेल्या मोसमातले बोंबील, पेपरात बांधून.
एसीनं तो वास तीन दिवस फिरवला
एडिटिंगच्या टेबलावरून पडद्यात,
पडद्यातून माझ्या शर्टात.

चौथ्या दिवशी डॉक्टर पाध्ये आले,
दातांच्या दवाखान्याची जाहिरात,
त्यांना हसणारी माणसं हवी होती, तीसेक.
दारातच थांबले. नाक वर केलं.
"कुठून आणलेस?"

स्क्रीन मी फिरवली नाही.
नंबर दिला.