तिथं सगळेच ओले

तिकीट खिडकीवर घडीचा नकाशा मिळाला.
शर्वाणीनं बोट ठेवलं लाल घसरगुंडीवर,
मी शौचालयाच्या चौकोनांवर:
एक फाटकाजवळ, एक उपाहारगृहामागं,
तिसरा वाटला तो निघाला पंपघर.

कागलच्या अलीकडं, हायवेला लागून हे वॉटर पार्क.
घरापासून मधे दोन पेट्रोल पंप, एक धाबा,
आणि गोकुळ शिरगावात ओळखीचा फौंड्रीवाला,
त्याच्या संडासाची किल्ली कुठल्या खिळ्याला असते
ते मला ठाऊक आहे.
शहर मला असंच पाठ आहे.
लोक बिंदू चौकातून डावीकडं वळतात,
मी वळतो त्या लॉजपासून, जिथला मॅनेजर काही विचारत नाही.

सहा वर्षं झाली. मोठ्या आतड्याला सूज.
डॉक्टरांनी कागदावर आतडं काढलं,
शेवटचा वीतभर तुकडा लाल पेनानं गिरवला,
"तिखट बंद," म्हणाले.
कोल्हापुरात!
मिसळीच्या टेबलावर मी नुसता पाव मागतो
तेव्हा पोऱ्या विचारतो, "पुण्यासनं आलाय काय?"
तांबडा नाही, पांढरा नाही,
पंगतीत वाढप्याशी भांडण असल्यासारखा हात आडवा धरतो.
मेव्हणा म्हणतो, "भावा, वाटीभर रश्श्यानं काय हुतंय?"
काय होतं ते त्याला सांगता येत नाही.
हाड मोडलं असतं तर सांगितलं असतं,
प्लास्टरवर त्याची सही घेतली असती.

दोन वाढदिवस नाही म्हणून झालं होतं.
म्हणून आज पहाटेपासून फक्त पेज, आणि चार गोळ्या.
लाटांच्या तळ्यात ती, काठावर मी,
दुपारपर्यंत निभलं.
मग ती म्हणाली, मोठ्या घसरगुंडीचा टायर दोघांचा असतो.

बहात्तर पायऱ्या, लोखंडी, अरुंद.
सगळे वर किती उरले ते मोजत होते,
मी मागं किती साचले ते.
एकावन्नाव्या पायरीवर आला
तो ओळखीचा पीळ.

"बाबा, जा," ती म्हणाली, माझ्याकडं न बघता.
आणि नऊ वर्षांची पोर खाली वाकून ओरडली,
पेठांच्या सामन्यात गोल झाल्यासारखी:
"सरका ओ सरका! वाट द्या!"

लोक सरकले.
मी पळालो, अंगातलं सगळं बळ एका जागी आवळून.
निळ्या पत्र्याचं छप्पर दिसलं.
सात पावलं कमी पडली.

हौसाबाई दारात स्टुलावर बसलेली.
तिनं बघितलं आणि बघितलं नाही.
बादली सरकवली, साबणाची अर्धी वडी,
"मागल्या न्हाणीत नळाला जोर हाय."
एवढंच.
पाणी आधी गढूळ, मग गुलाबी, मग नुसतं पाणी.
भिंतीपलीकडं स्पीकर वाजत होता, पोरं नाचत होती.
पिळून तीच चड्डी घातली, कारण
दुसरी पिशवीत, पिशवी शर्वाणीच्या खांद्यावर,
आणि शर्वाणी आभाळात.
पाच रुपये दिले. हौसाबाईनं घेतले, पावती फाडली.
बरं वाटलं पावतीचं.

दारात थबकलो. आता बघणार सगळे.
पण समोरून आलेला मिशीवाला ओला,
साडी खोचलेली नवी नवरी ओली,
कुणाचे तरी मामा, त्यांची बारकी पोरं,
मक्याचं कणीस विकणारासुद्धा.
सहा वर्षांत पहिल्यांदा
मी गर्दीत गर्दीसारखा दिसत होतो.
पाठीवर एक थाप पडली,
"काय पावनं, लई मज्जा केल्याली दिसत्या!"
"नाद खुळा," मी म्हणालो.

मागच्या सगळ्यांना पुढं सोडत
ती त्याच पायरीवर उभी होती,
कठड्याला पाठ लावून, पिशवी पोटाशी.
"झालं?"
"झालं."
"आता पोटात काय हाय?"
"काही नाही."
"मग चला."

एकवीस उरल्या होत्या.