खिडकी बंद झाल्यावर

अन्विता, तू म्हणतेस, काका,
कुणी फारसं न पाहिलेलं काहीतरी चांगलं सांगा.
सांगतो. पण आधी एक कबुली :
मी कुठल्याच सिनेमाची सुरुवात पाहिलेली नाही.

माझगावच्या टॉकीजमध्ये एकतीस वर्षं
बाल्कनीच्या तिकिटांची खिडकी माझी.
शो लागल्यावरही वीस मिनिटं ती उघडी ठेवायची,
मग गल्ला मोजायचा, रजिस्टर भरायचं,
नोटांना रबरबँड लावायचा
आणि शेवटच्या रांगेमागे
भिंतीला टेकून उभं राहायचं.
तोवर पडद्यावर कुणीतरी मेलेलं असायचं,
कुणाचं तरी लग्न ठरलेलं.
आधीचं माझं मी जुळवून घ्यायचो.

हाऊसफुल्लवाल्यांचं मला विचारू नकोस.
त्या दिवसांत मला फक्त हात दिसले,
खिडकीच्या भोकातून आत आलेले.
पडेल सिनेमांनीच मला आत येऊ दिलं.

तर घे लिहून.
एक तो दीपगृहाचा.
मंगळवार, मॅटिनी, एकूण सात तिकिटं,
त्यातली दोन गोदीतल्या रात्रपाळीवाल्यांची,
पंख्याखाली झोपायला आलेल्या.
एक बाई रॉकेलचा हिशेब लिहिते.
पाऊण तास लिहिते
आणि तो जुळत नाही.
पेपरवाल्यानं छापलं, सिनेमात काही घडतच नाही.
अरे, चौदा रुपये कमी येतायत,
आणि म्हणे काही घडत नाही!
माझ्या तळहातांना घाम फुटला होता.

दुसरा, कोंबडीचोरीच्या खटल्याचा.
रिळांच्या डब्यांवर आकडे चुकीचे पडले होते,
हसनमियां परकारांनी तशीच चालवली तीन दिवस.
आधी निकाल, मग साक्षीपुरावे.
शिक्षा झालेला माणूस नंतर तासभर
कळवळून सांगत राहतो, मी तिथे नव्हतोच.
विनोदी म्हणून लावलेला,
पण थेटरात कुणी हसलं नाही.
चौथ्या दिवशी परकारांनी रिळं नीट लावली
आणि लोक हसले.
तुला आता तो सरळच मिळेल.
तेवढा तोटा सोस.

तिसरा चांगला आहे असं मी म्हणणार नाही.
नायकाला आवाज दुसऱ्याचा,
गाणी तर शिवणयंत्रावर मारल्यासारखी.
पण शेवटाकडे भाऊच्या धक्क्यावर
एक पोरगा बर्फाची लादी खांद्यावर घेतो
आणि कॅमेरा त्याच्यावरून हलायचं विसरतो.
पाणी शर्टात उतरतं, कोपरावरून गळतं,
पोरगा चालतो आहे, चालतोच आहे.
तेवढ्यासाठी बघ.

त्या शोला पाच माणसं.
बी-नऊवाला मध्यंतरात उठला,
जाता जाता खिडकीशी वाकून म्हणाला,
‘तो पोरगा जगतो का हो?’
मी म्हटलं, आत बसा की, कळेल.
तो डोकं हलवून रे रोडच्या बाजूला निघून गेला.
सांगून टाकायला हवं होतं.
नियम नव्हता, पण सांगायला हवं होतं.

काल रात्री तू दीपगृहाचा शोधून काढलास.
मोबाईल लोणच्याच्या बरणीला टेकवला,
माझ्यासाठी खुर्ची ओढलीस,
‘या ना काका, अगदी पहिल्यापासून.’
नावं सुरू झाली. मागे समुद्र असावा.
आणि माझे पाय आपोआप गॅलरीकडे वळले.

खाली भंगारवाला पत्रे मोजत होता.
ती बाई तिथे कशी आली, तिला कुणी आणलं,
पहिल्या दिवशी रॉकेल किती होतं,
सगळं आत्ता तुझ्यासमोर उलगडत असेल.
तिच्यासाठी मी एक नवरा बेतला होता,
मालवणकडचा, तापानं गेलेला.
इतकी वर्षं तो बरा चालला.

तू बघ. मोठ्यानं काही बोलू नकोस.
मी येतोच.
वीस मिनिटं दे.