रिकामी गाडी

कळमन्याच्या धर्मकाट्यावर एकवीस वर्षं
मी दुसऱ्यांचं वजन लिहिलं.
तुरीचं, भिवापुरी मिरचीचं, संत्र्याच्या पेट्यांचं,
पेट्यांवर झोपलेल्या क्लीनरचंसुद्धा.
(त्याला हलवून खाली उतरवलं,
तर ट्रक पन्नास किलोंनी हलका झाला.)

स्वतः काही उचललं नाही.
फार तर रजिस्टर, डबा,
आणि मार्चमध्ये एकदा गॅसचं सिलिंडर.
मग अकरा दिवस पलंगावर पडून
कूलरच्या जाळीतल्या खसाच्या काड्या मोजल्या.
डॉक्टर म्हणाले, पाठ नाजूक नाही तुमची,
अडाणी आहे. शिकवा तिला.

पाचपावलीत हेडाऊंचे माग धडधडायचे
त्या टिनाच्या शेडमध्ये आता व्यायामशाळा आहे.
शिकवणारी प्रणोती निमजे, वय तेवीस.
तिच्या तळहाताला घट्टे,
माझ्या बोटाला शाई.

पहिल्या दिवशी तिनं मला झाडूचा दांडा दिला.
खरंच झाडूचा, टोकाला अजून तार गुंडाळलेली.
"पाठीवर उभा धरा काका.
डोकं, पाठ, माकडहाड, तीन ठिकाणी टेकला पाहिजे.
आता वाका.
सुटला.
पुन्हा."

मग भिंतीकडे पाठ करून, वीतभर पुढे उभं राहून
मागच्या मागे भिंत शोधायची.
"कमरेतून नाई ना बाप्पा, बैठक मागं न्या."
बैठक म्हणजे काय ते मला कळलं,
तिला ते मला सांगावं लागलं याची
दोघांनाही थोडी लाज वाटली.
घरी बघितलं तर बायको,
दोन्ही हातांत पातेली,
फ्रिजचं दार नेमकं तसंच लावत होती.
पाठ सरळ, गुडघे जरासे सैल.
कुणी शिकवलं गं तुला?
ती म्हणाली, काय?

तीन आठवडे दांडा.
शेजारी कॉलेजची पोरं लोखंडावर लोखंड चढवायची,
पाठीची कमान करून, मान ताणून,
एकमेकांना "उचल बे, उचल" करत.
माझ्याकडे कुणी बघत नव्हतं,
तेच जास्त लागायचं.
एकदा न राहवून विचारलं, वजन कधी?
ती म्हणाली, "सध्या तुमचंच चालू आहे."

त्या रात्री ड्युटीवर उमगलं.
माल भरायला आलेली गाडी
आपण आधी रिकामी तोलतो.
तो आकडा चुकला
तर पुढचे सगळे चुकतात,
आणि भांडण मालावरून होतं.

मग एका मंगळवारी वीस किलोंची सळई.
"बुटाच्या लेसवर आली पाहिजे. पिंढरीला घासू द्या.
श्वास छातीत नाई, पोटात,
पट्ट्याला चारी बाजूंनी ढकला.
अन् सळई ओढू नका.
पायानं जमीन ढकला."

जमीन कशी ढकलणार?
सकाळचे तर्री-पोहे घशाशी आले होते.
ढकलली.
सळई गुडघ्यांवरून सरकत वर आली,
जणू तिला आधीपासून वाट माहीत होती.
पिंढरीवर रक्ताची बारीक रेघ.

प्रणोती "हं" म्हणाली.
मी सोडून देणार, तोच,
"ठेवा. टाकायची नाई.
ठेवणं पण तसंच."

काल काट्यावर एक पावती खिडकीतून उडाली.
बाहेर गेलो. पाय जमिनीत रोवले,
पोटात श्वास भरला,
बैठक मागे, अजून थोडी मागे,
आणि ती चार ग्रॅमची पावती उचलली.
सरदारजींच्या ट्रकमागे रांग लागली होती.
कुणीतरी हॉर्न दिला.
पारडीचा एक ड्रायव्हर ओरडला,
"काय साहेब, कंबर धरली का?"

"नाई," म्हटलं, "शिकून राहिलो."
आणि पावतीवर बुटाचा ठसा उमटला होता
म्हणून दुसरी फाडली.